नको असलेलं ऊन

वैशाखातल्या दुपारी आंब्याखाली सगळेच आसऱ्याला येतात. गुरं रवंथ करत बसतात, रस्त्याच्या कामावरचे मजूर डबा सोडतात, एखादा रिक्षावाला मागच्या सीटवर पाय दुमडून डुलकी काढतो. खालच्यांची उन्हातून सुटका झालेली असते. माथ्यावरच्या पानांना ती सोय नाही. त्यांना देठ आहे, पाय नाहीत. आपण खालून वर बघतो आणि मनाशी म्हणतो, यांची चैन आहे. ऊन हेच यांचं जेवण, आणि आज तर ते नुसतं ओसंडून वाहतंय.

खरं तर माथ्यावरच्या त्या पानांचं पोट सकाळीच भरलेलं असतं. आंबा असो, भात असो, गहू किंवा घेवडा असो, यांच्या पानाची भूक भर उन्हाच्या साधारण पाव ते निम्म्या हिश्श्यात भागते. त्यापुढे ऊन वाढलं म्हणून साखर वाढत नाही. प्रकाश पकडायला पानाला निमिषही लागत नाही, पण पकडलेल्या प्रकाशातून साखर घडवण्याचं काम रसायनाच्या सावकाश चालीनं होतं. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजकाच, आणि पाणी वाचवण्यासाठी पानानं दुपारी आपली रंध्रं अर्धवट मिटलेली असली तर आणखीच मोजका. वरून मात्र प्रकाश येतच राहतो. त्याला दार लावता येत नाही.

पानाला प्रकाश हवा असतो, हे आपण सगळे शाळेत शिकलो. कुंडीतल्या रोपाच्या पानावर काळा कागद लावला, पान स्पिरिटमध्ये उकळून पांढरं केलं, आयोडीन टाकलं. झाकलेला भाग कोराच राहिला आणि बाकीचं पान काळंनिळं झालं. प्रयोग संपला, घंटा झाली. पण प्रकाश नको असतो तेव्हा पान काय करतं, हा धडा पुस्तकात नव्हता. आणि माझं मत विचाराल तर पानाची खरी हुशारी त्या न शिकवलेल्या धड्यात आहे. घेणं त्याला कधीच जमलेलं आहे, अब्जावधी वर्षांपूर्वीच्या निळ्या-हिरव्या जिवाणूंपासून वारशानं आलेलं. सोडून देणं हे रोजचं, घडीघडीचं काम आहे.

तरी आधी घेण्याचं बघू, कारण तिथेही पान दिसतं तितकं साधं नाही.

आंब्याचं पान जाडीला जेमतेम पाव मिलिमीटर. एवढ्याशा जागेत वरची त्वचा जवळजवळ पारदर्शक असते; तिच्या पेशी स्वतः प्रकाश खात नाहीत, पुढे जाऊ देतात. काही सावलीतल्या वनस्पतींत या पेशींचा माथा फुगीर असतो आणि त्या चक्क भिंगाचं काम करतात. गॉटलिब हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे दिसलं होतं. पानाच्या सालीतून त्यानं वस्तूंच्या प्रतिमा पाडून दाखवल्या होत्या. त्वचेखाली लांबट पेशी दाटीनं उभ्या असतात, प्रत्येकीत डझनावारी हरितलवकं. पान वरून जास्त हिरवं दिसतं ते यांच्यामुळे. त्यांच्याही खाली वेड्यावाकड्या आकाराच्या पेशी विस्कळीत पसरलेल्या, आणि मधून मधून हवेच्या पोकळ्या. या पोकळ्या वायूंच्या येण्या-जाण्यासाठी, असं पाठ्यपुस्तक सांगतं. ते खरंच आहे, पण त्यांचं दुसरं काम मला जास्त लोभस वाटतं. ओल्या पेशीतून कोरड्या हवेत, हवेतून पुन्हा पेशीत, अशा प्रत्येक सीमेवर प्रकाशकिरणाची वाट मोडते. सरळ आरपार निघून गेला असता असा किरण आत भटकत राहतो. पाव मिलिमीटरच्या पानात त्याचा प्रवास कितीतरी पट लांबतो आणि कुठे ना कुठे तो हरितद्रव्याच्या हाती लागतो.

या पोकळ्यांचा पुरावा स्वयंपाकघरात आहे. पालक निवडून उकळत्या पाण्यात टाकला की पहिल्या काही क्षणांत तो एकदम गर्द, चकचकीत हिरवा होतो. पानात नवं हरितद्रव्य काही तयार झालेलं नसतं. पोकळ्यांतली हवा निघून गेलेली असते, तिथे पाणी शिरलेलं असतं, आणि प्रकाश विखुरणारी ती धुकट व्यवस्था मोडलेली असते. आणखी शिजवला, तेही झाकण ठेवून, की तोच पालक शेवाळी, मळकट होतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. भाजीतल्याच आम्लांमुळे तो निसटतो आणि त्याच्याबरोबर रंगही जातो. पालेभाजीवर झाकण ठेवायचं नाही, असं आमच्या घरातल्या बायका सांगत आल्या. त्यांना मॅग्नेशियमशी देणंघेणं नव्हतं.

हिरव्या रंगाबद्दल एक गैरसमज मात्र शिकल्यासवरलेल्यांतही पक्का आहे. पान हिरवं दिसतं, म्हणजे ते हिरवा प्रकाश घेतच नाही. या समजाचं मूळ ज्या प्रयोगात शोधता येईल तो आहे मात्र फार देखणा. 1882 साली थिओडोर एंगेलमान या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शेवाळाचा एक धागा ठेवला आणि लोलकातून काढलेला इंद्रधनुष्याचा पट्टा त्या धाग्यावर आडवा पाडला. धाग्याच्या एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला जांभळा. पाण्यात त्यानं असे जिवाणू सोडले होते, जे प्राणवायू असेल तिकडे धावतात. मोजमापाचं कुठलंच यंत्र नव्हतं. जिवाणूच त्याचं यंत्र. थोड्या वेळात ते दोन जागी घोळका करून उभे राहिले: तांबड्यात, आणि निळ्या-जांभळ्यात. हिरव्यात तुरळक. शेवाळ कुठल्या रंगात काम करतं याचा आलेख जिवंत जिवाणूंनी काढून दिला. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, पण प्रयोगशाळांच्या इतिहासात इतक्या कमी खर्चात इतकं मोठं उत्तर मिळाल्याचं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

पण एंगेलमानचा धागा एका पेशीच्या जाडीचा होता आणि आंब्याचं पान तसं नाही. तांबडा आणि निळा प्रकाश वरच्या थरातच संपतो. हिरवा मात्र हरितद्रव्याच्या पहिल्या गाठीत निसटतो, दुसऱ्या गाठीत निसटतो, पोकळ्यांमध्ये फिरत फिरत खाली उतरतो आणि शेवटी बहुतेक सगळा पकडला जातो. साधारण पानात हिरव्या प्रकाशाचाही तीन-चतुर्थांश किंवा त्याहून मोठा भाग असा जिरतो. भर उन्हात वरच्या पेशी तृप्त होऊन बसलेल्या असतात तेव्हा तळच्या पेशींना पोसतो तो हाच हिरवा. आपल्या डोळ्यांना येऊन भिडणारी हिरवाई म्हणजे उरलेला थोडासा परतावा आहे.

आता मुख्य गोष्ट. आकाशातून एवढा प्रकाश येतो असं आपण म्हणतो, पण हरितद्रव्याच्या एका रेणूच्या उंचीवरून पाहिलं तर दुष्काळच आहे. भर उन्हातही एका रेणूला सेकंदाला फार तर दहाएक प्रकाशकण मिळतात. मधला काळ तो रिकामा. आणि पाण्याचा रेणू फोडून प्राणवायू काढायचा तर एका प्रकाशकणानं भागत नाही. एकामागून एक चार लागतात. 1969 साली फ्रान्समध्ये पिएर जोलिओ यांनी अंधारात ठेवलेल्या हरितलवकांवर क्षणिक प्रकाशाचे झोत एकेक करून सोडले आणि प्राणवायू मोजला. पहिल्या झोताला जवळजवळ काही नाही, दुसऱ्याला नाममात्र, तिसऱ्याला भरभरून. मग सातव्याला, अकराव्याला. पुढच्याच वर्षी बेसेल कॉक यांनी त्याचा अर्थ लावला: मँगनीजचे चार अणू असलेला एक गट एकेक झोताबरोबर एकेक पायरी चढतो, चौथी पायरी पुरी झाली की पाणी फुटतं. अंधारात हा गट पहिली पायरी चढूनच बसलेला असतो, म्हणून तिसऱ्या झोताला फळ. पायरीवर फार वेळ थांबावं लागलं तर तो परत खाली घसरतो. तेव्हा सेकंदाला दहाच प्रकाशकण मिळणाऱ्या एकट्या रेणूच्या भरवशावर हे काम चालणं कठीण.

याचं उत्तर त्याआधीच हाती आलं होतं, फक्त त्यावर विश्वास बसत नव्हता. 1932 साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट इमर्सन आणि त्यांचा विद्यार्थी विल्यम अर्नोल्ड यांनी क्लोरेला नावाच्या एकपेशीय शेवाळावर अतिशय लहान पण झगझगीत झोत टाकले. प्रत्येक हरितद्रव्य-रेणूला काम मिळेल इतका प्रकाश दिला. अपेक्षा अशी, की जेवढे रेणू तेवढ्या प्रमाणात प्राणवायू. निघाला तो साधारण अडीच हजार रेणूंमागे प्राणवायूचा एक रेणू. मग बाकीचे रेणू करतात काय? कोकणातल्या कौलारू घराच्या छपरावर पाऊस पडतो तेव्हा प्रत्येक कौलाखाली आपण हंडा ठेवत नाही. पाणी कौलावरून कौलावर घरंगळत पन्हळीत येतं आणि पन्हळीखाली एकच पिंप असतं. हरितद्रव्याचे बहुतेक रेणू ही कौलं आहेत. शेकडो रेणूंनी टिपलेली ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, अशी एका केंद्रातल्या खास जोडीपाशी पोचते; खरं काम तिथेच होतं. हा सगळा प्रवास सेकंदाच्या अब्जांशापेक्षाही कमी वेळात उरकतो. उरकावाच लागतो, कारण एका रेणूला ती ऊर्जा काही अब्जांश सेकंदांपलीकडे धरून ठेवता येत नाही.

म्हणजे पानाची बांधणी कमी प्रकाशाचा विचार करून झालेली आहे. पहाटेच्या, ढगाळ दिवसाच्या, दुसऱ्या पानाच्या सावलीतल्या प्रकाशाचा. छप्पर मोठं, पिंप लहान. आणि मग उगवते वैशाखातली दुपार.

पिंप भरून वाहू लागलं तर अंगण ओलं होईल, त्यापलीकडे काही नाही. पानात तसं नसतं. हरितद्रव्यानं धरलेली ऊर्जा जर वेळेत पुढे सरकली नाही, तर ती शेजारच्या प्राणवायूला जाऊन मिळते आणि त्याला असा खवळवते, की तो हाताला लागेल ते जाळत सुटतो. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच पानाच्या पोटात तयार होतो, आणि नको तेव्हा ऊर्जा मिळाली तर त्याच पोटात आग लावतो. पाणी फोडणाऱ्या केंद्रातलं एक प्रथिन या धामधुमीत सतत मोडत असतं. भर उन्हात ते काही वेळा तासाभराच्या आतच बदलावं लागतं. जुनं काढून नवं बसवण्याचं हे काम शांत उभ्या दिसणाऱ्या झाडाच्या प्रत्येक पानात दिवसभर चालू असतं.

मोडतोड एवढ्यावर थांबते, कारण पान आधीच बरंच काही करतं. एक म्हणजे हरितलवकं जागा सोडतात. कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली हायड्रिलाचं पान ठेवून पेशीच्या कडेकडेनं रांगेत फिरणारी हिरवी लवकं बघितली, तेव्हा वनस्पती स्थिर असते ही माझी समजूत गेली ती कायमची. (हायड्रिला म्हणजे तळ्यात, टाक्यात वाढणारं पाणवनस्पतीचं साधं तण. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात याच तणानं सोडलेल्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारं उपकरण बनवलं आणि 1924 मध्ये प्रकाशसंश्लेषणावर अख्खा ग्रंथ लिहिला. लाजाळूचे बोस सगळ्यांना माहीत असतात, हायड्रिलाचे फारसे कुणाला नसतात.) हे फिरणं नुसतं वाहतं. पण प्रकाशाला बघून होणारी हालचाल वेगळी, ती हेतूची आहे. उजेड मंद असेल तर लवकं पेशीच्या वरच्या बाजूला पसरून येतात, जितका मिळेल तितका घेण्यासाठी. उजेड प्रखर झाला की तीच बाजूच्या भिंतींना चिकटून उभी राहतात, एकमेकांच्या सावलीत. पानाच्या अर्ध्या भागावर तासभर तीव्र प्रकाश टाकला तर तेवढा भाग नुसत्या डोळ्यांना फिकट दिसू लागतो. 2002 साली जपानी शास्त्रज्ञांनी लवकांना हे सरकणं जमतच नाही अशी रोपं घेऊन तीव्र प्रकाशात ठेवली. त्यांची पानं भाजली.

दुसरा उपाय आणखी खोलवरचा. पानात हरितद्रव्याच्या जोडीला पिवळी-नारिंगी द्रव्यंही असतात. ऊन अनावर झालं की त्यांतलं एक काही मिनिटांत रूप बदलून झियाझँथिन बनतं. मक्याच्या दाण्याला पिवळेपणा देणारं द्रव्य ते हेच. ते आलं की छपराचीच घडण बदलते: रेणूंवर पडलेली ऊर्जा केंद्राकडे न जाता वाटेतच उष्णता होऊन विरून जाते. भर दुपारी पानानं पकडलेल्या प्रकाशातला मोठा भाग, काही वेळा अर्ध्याहून अधिक, असा जाणूनबुजून वाया घालवला जातो. पकडल्यावर.

इथे मला श्रावण आठवतो. सगळं हिरवंगार आहे, म्हणून श्रावण हा पानांच्या सुखाचा महिना, असं आपण धरून चालतो. ऊन-पावसाच्या खेळाचं आपल्याला केवढं कौतुक. पानाला विचारलं तर ते वैतागानं सांगेल. पाच मिनिटं झगझगीत ऊन, मग ढग, मग पुन्हा ऊन. ऊन आलं की पान सावध होतं आणि ऊर्जा फेकायला लागतं. हे लवकर जमतं. ढग आला की ती फेकाफेक ताबडतोब थांबायला हवी, पण थांबत नाही. झियाझँथिन पूर्वरूपात परतायला बराच वेळ घेतं. तेवढा वेळ, प्रकाश तुटपुंजा असतानाही, पान तो उधळत राहतं. संकट टळल्यावरही काही माणसं कित्येक दिवस कुलपं तपासत राहतात, त्यांना हे समजेल. 2016 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी तंबाखूच्या झाडात जनुकीय बदल करून हे भानावर येणं लवकर घडवलं, आणि शेतात त्या झाडांची वाढ सुमारे 15 टक्क्यांनी जास्त भरली. आकडा मोठा आहे. खाणारी तोंडं वाढत असताना तो दुर्लक्षून चालणार नाही. तरी मला वाटतं, रानातल्या झाडाचा हा अतिसावधपणा मूर्खपणा नसावा. रानात तंबाखूच्या शेतासारखं खत-पाणी वेळेवर मिळत नाही, आणि तिथे थोडी साखर बुडाली तर चालतं, पान जळून चालत नाही.

कोवळ्या पानाजवळ तर ही सगळी सामग्री अजून पुरती जमलेलीही नसते. हापूसची पालवी बघा. फांदीच्या टोकाला तांबूस, जांभळट, तुकतुकीत पानांचा झुबका, आणि प्रत्येक पान मरगळल्यासारखं देठापासून खाली लोंबणारं. हात लावला तर कापडासारखं मऊ. हे लोंबणं आजाराचं नाही. ताठ, आडव्या पानावर दुपारचं ऊन सपाट पडतं. लोंबत्या पानाला ते केवळ घासून जातं. तांबडा रंग अँथोसायनिनचा, जो आतल्या अर्धवट हरितद्रव्याच्या वाट्याचा काही प्रकाश आधीच अडवतो. किडीला हे रंग नावडतात म्हणून ते आले असंही काही शास्त्रज्ञ मांडतात, आणि दोन्ही कारणं एकाच पानात नांदायला हरकत नाही. दोन-तीन आठवड्यांत पान ताठ होतं, पोपटी होतं, मग गर्द. सह्याद्रीत फाल्गुन-चैत्रात कुसुंबाचं झाड नखशिखांत लालभडक होतं, तेव्हा लांबून बघणारा त्याला फुलोरा समजतो. ती फुलं नव्हेत, पानं आहेत. पिंपळाची नवी पानंही तशीच तांबूस. कवींनी आणि छायाचित्रकारांनी या चैत्रपालवीवर जीव टाकला. तिचा तो रंग म्हणजे उन्हापासूनची भीती आहे हे ठाऊक झाल्यावर माझ्या लेखी तिचं सौंदर्य रतीभरही उणं झालं नाही.

त्याच आंब्याची आतली फांदी पाहिली तर वेगळंच गाव भेटतं. तिथली पानं मोठी, पातळ, काळपट हिरवी. माथ्यावरची लहान, जाड, चिवट. झाड एक, बीज एक, पण वाढताना जिथे जेवढा उजेड मिळाला तशी पानं घडली. सावलीतलं पान छप्पर आणखी मोठं करतं, पिंप आणखी लहान ठेवतं. असं पान अचानक उन्हात आणलं तर ते करपतं. बाग विरळताना मधली उभी फांदी काढली की आतली काही पानं अशीच भाजून गळतात आणि मग तिथे उन्हाची पानं येतात.

सावलीची शिकस्त बघायची तर देवराईत जावं. सिंधुदुर्गातल्या एखाद्या जुन्या देवराईत भर दुपारी शिरलं की डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. दाट सदाहरित जंगलाच्या तळाशी वरच्या उजेडाचा शंभरातला एखाद-दुसरा भाग पोचतो. तोही चाळलेला, वरच्या पानांनी निळा-तांबडा काढून घेतलेला, हिरवट आणि आपल्याला न दिसणाऱ्या अतिलाल किरणांनी भरलेला. तांबड्याच्या तुलनेत अतिलाल वाढला, की रोपाला कळतं आपल्या डोक्यावर कोणी आहे. दाट पेरलेली ज्वारी उंच आणि किडकिडीत वाढते ती या कळण्यामुळेच. पण देवराईच्या तळातली रोपटी अशी उंच पळत नाहीत; पळून जायचं कुठे, वर पंचवीस मीटर झाडोरा आहे. ती कवडशांवर जगतात. वरची फांदी हलते, एक कवडसा सरकत येतो, पानावर अर्धं मिनिट थांबतो, जातो. काही जंगलांत तळाच्या रोपांची दिवसभरातली निम्म्याहून अधिक कमाई अशा कवडशांतून होते. पहिल्या कवडशाला पान पुरतं जागं झालेलं नसतं, त्यातला बराच हुकतो. पाठोपाठ दुसरा आला तर ते तयार असतं. (हे कवडसे गोल का असतात, फटी तर वेड्यावाकड्या असतात? कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा आहे. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी झाडाखाली पाहा, जमिनीवर शेकडो कोरी पडलेल्या असतात.)

एकंदर ढगाळ दिवस झाडोऱ्याला वाटतो तितका वाईट नसतो, हेही यातूनच कळतं. स्वच्छ आकाशात वरच्या पानांना अजीर्ण आणि खालच्यांना उपास. पातळ ढग आले की प्रकाश सगळ्या दिशांनी येतो, वाटला जातो, आतल्या पानांपर्यंत शिरतो. आषाढातलं काळंकुट्ट आभाळ वेगळं. तिथे वाटायलाच काही नसतं.

उन्हाला न घाबरणारी पानंही आहेत, आणि ती नेमकी आपल्या देशावर आहेत. ज्वारी, बाजरी, मका, ऊस. ही पानं कार्बन डायऑक्साइड आधी एका थरातल्या पेशींत गोळा करतात आणि आतल्या पेशींत तो दाटवून देतात, त्यामुळे साखरेचा कारखाना मालाअभावी अडत नाही आणि भर उन्हातही त्यांची कमाई वाढत राहते. हवाईतल्या उसाच्या संशोधकांना याचा सुगावा लागला, त्यांचं काम 1965 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी त्याची साखळी उलगडली. कोल्हापूरच्या उसाच्या फडात दुपारी उभं राहिलं तर माणसाला घेरी येते, ऊस मात्र कामात असतो. शिवाय मिळवलेल्या प्रत्येक ग्रॅममागे त्याचं पान भाताच्या पानापेक्षा कमी पाणी खर्च करतं. उसाच्या नावानं पाण्याची जी ओरड होते, तिच्यात पानाचा दोष नाही. वर्ष-दीड वर्ष रानात उभं राहणारं पीक कमी पावसाच्या तालुक्यांत किती लावायचं, हे पान ठरवत नाही.

पानानं टाकलेल्या प्रकाशाचं पुढे काय होतं? बराचसा उष्णता होऊन जातो. अवरक्त किरणांतला जवळचा पट्टा तर पान आत घेतच नाही. निम्मा परतवतं, उरलेल्यातला बराच आरपार सोडतं, आणि त्यामुळेच थंड राहतं. अवरक्त फिल्मवर काढलेल्या छायाचित्रांत झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात ती यामुळे. तांबडा गिळतं, अवरक्त परतवतं, ही पानाची खूण अवकाशातून ओळखता येते. 1988 मध्ये सोडलेल्या भारताच्या पहिल्या कार्यान्वित दूरसंवेदन उपग्रहापासून, आयआरएस-1अ पासून, आपण पिकांची आणि दुष्काळाची पाहणी या खुणेवर करत आलो आहोत. आणि एक अगदी लहानसा हिस्सा, घेतलेल्या प्रकाशातला शेकडा एक-दोन, पान लाल उजेड म्हणून परत देतं. दिवसा उन्हात तो दिसत नाही. घरी बघायचा असेल तर पालक स्पिरिटमध्ये कुटून गाळून घ्यावा आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च त्यावर मारावी. एरवी हिरवा दिसणारा तो अर्क रक्तासारखा लाल उजळतो. पानाबाहेर काढलेल्या हरितद्रव्याला ऊर्जा पुढे द्यायला कोणी शेजारी उरलेला नसतो, म्हणून ते इतकं चमकतं. शेतातल्या पिकाची तीच फिकी चमक 2009 मध्ये सोडलेल्या जपानी उपग्रहाच्या नोंदींतून वेगळी काढता आली आणि 2011 मध्ये पृथ्वीभरचे तिचे पहिले नकाशे प्रसिद्ध झाले. पान हिरवं आहे एवढंच आधी कळत होतं. ते कामावर आहे की नाही, याचा अंदाज आता येऊ लागला आहे.

मराठवाड्यात भाद्रपदात पाऊस ओढ देतो तेव्हा सोयाबीन दुपारी आपली पानं फिरवतं, उन्हाला धार दाखवतं किंवा चक्क पाठ करतं, आणि अख्खं रान चंदेरी-पांढुरकं दिसू लागतं. बांधावरच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. शेतीपंपाची वीज या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, एवढंच तो विचारतो.